कपाळावरची नागीण

आमच्या आचऱ्याकडे पावसाळ्यात ताप आला आणि डोकं दुखू लागलं की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘शेतात उतरला होतात काय?’ आणि लगेच, ‘पोटऱ्या दुखतात काय?’ धास्ती लेप्टोची असते. उंदरांच्या नि गुरांच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. मग सणसणून ताप, ठणकणारं डोकं, लाल डोळे, पोटऱ्यांत कळा; दुर्लक्ष झालं तर कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात. ह्या तापाने आमच्या जिल्ह्यात धडधाकट शेतकरी गेले आहेत. म्हणूनच लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात.

त्याच दिवसांत मी डोकं धरून दवाखान्यात गेले आणि मलाही हेच प्रश्न आले. पण माझं दुखणं निराळं होतं. दुखत होती ती फक्त उजवी बाजू, भुवईपासून टाळूपर्यंत. आत ठणका होताच, पण वरची कातडीसुद्धा भाजल्यासारखी चुरचुरत होती. केसांतून फणी फिरवली की डोळ्यांत पाणी यायचं. त्या कुशीवर झोपवत नव्हतं. उशीचा अभ्राही टोचायचा. ताप अगदी बारीक, पोटऱ्या ठीक. घरच्यांनी अर्धशिशी म्हणून ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी लेप्टोसाठी रक्त घेतलं आणि निघताना बजावलं, “कपाळावर काही उठलं तर तशाच या. उद्यावर टाकू नका.”

आणि उठलंच. भुवईच्या वर लाल चट्टा, त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, थेट केसांत शिरलेले. शेजारची काकी बघताक्षणी म्हणाली, “अगो बाय, ही नागीण आसा! दोनय तोंडा गावली काय माणूस वाचणा नाय.” तिने गेरू लावायला सांगितला आणि नागीण उतरवणाऱ्या एका माणसाचं घरही सांगितलं. तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिच्या सासऱ्यांची नागीण तशीच उतरली होती म्हणे. ती उतरतेच, कारण बहुतेकांचे फोड दोन-चार आठवड्यांत आपले आपणच सुकतात. श्रेय मात्र गेरूला मिळतं. पाठीवरच्या नागिणीत हे एखाद्या वेळी खपूनही जाईल. कपाळावरच्या नागिणीत डोळा पणाला लागलेला असतो.

लहानपणी कांजिण्या येऊन जातात. विषाणू मात्र जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय वाढलं, दुसऱ्या आजाराने किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती खालावली की तो जागा होतो आणि एकाच शिरेच्या वाटेने कातडीकडे निघतो. शीर आधी होरपळते, कातडीवर फोड मागून येतात. म्हणून आधी नुसतं दुखतं आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि ती शीर शरीराच्या एकाच बाजूची असल्यामुळे पुरळ सहसा मधली रेघ ओलांडत नाही. नागिणीची तोंडं जुळून माणूस मरतो, ही भीती म्हणून निराधार आहे.

डॉक्टरांनी माझ्या कपाळापेक्षा नाकच जास्त निरखून पाहिलं. शेंड्याजवळ एक फोड होता. नाकाच्या शेंड्याला जाणारी शीर आणि डोळ्याला जाणारी शीर एकाच फांदीची. तिथे फोड आला तर डोळ्यालाही धोका, हे जोनाथन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे. भर पावसात कणकवली गाठली. डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात तपासणी झाली. बुबुळाला नुकती कुठे झळ लागत होती. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या 800 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, शिवाय डोळ्यात मलम. हे औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. माझी दृष्टी वाचली ती ह्या घाईमुळे.

दुखणं मात्र रेंगाळलं. खपल्या पडून गेल्यावरही कपाळावर खारा वारा लागला की आग व्हायची. बंदरावर जाताना पदर भुवयांपर्यंत ओढून घ्यायचे. साध्या गोळ्यांनी ही आग शमत नाही, तिच्यासाठी शिरांवर काम करणारी वेगळी औषधं असतात. साठीच्या पुढच्या माणसांत ती महिनोन्‌महिने राहते आणि झोप खाते. ‘फोड गेले ना, मग आता काय दुखतंय?’ असं कुणी विचारलं की मला अजून राग येतो.

तेव्हापासून कुणी डोकं दुखतं म्हटलं की मी बाकीचं काय काय होतंय ते विचारते. आमच्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी 2016 साली माकडताप आला. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात 1957 साली पहिल्यांदा ओळखला गेलेला हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचीही सुरुवात एकाएकी चढलेला ताप आणि कपाळ फोडणारी डोकेदुखी अशीच. काजूच्या दिवसांत जंगलालगतच्या बागांत वावरणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवायला हवं. नागिणीच्या कुळातलाच आणखी एक विषाणू ओठांवर फोड आणतो. क्वचित तो मेंदूत शिरतो. मग ताप आणि डोकेदुखीबरोबर माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात. वेळेवर अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून दिलं नाही तर अशा दहांतले सात दगावतात. अशा माणसाला ‘बाहेरचं’ लागलं म्हणून देवळात नेऊन बसवणं मला सहन होत नाही.

नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, पण ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. फोड ओले असतील तर गरोदर बायका आणि तान्ही मुलं यांच्यापासून लांब राहावं, कारण कांजिण्या न झालेल्यांना त्यातून कांजिण्या होतात. आणि कपाळाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं, तर गेरू कालवत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.