बंड्याचे पाणी

बंड्या हा डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला बोका होता. पाठीवर पिवळे पट्टे, पोट पांढरे, शेपटीचे टोक किंचित वाकडे. पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेले पिल्लू म्हणून तो घरात आला. वयात येताच त्याची नसबंदी झाली आणि पुढे त्याने दाराबाहेर पाऊल टाकले नाही. खिडकीची ग्रिल, कपाटाचा माथा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकची कड एवढे त्याचे राज्य. चौथ्या वर्षी त्याचे वजन साडेसहा किलोवर गेले होते. कोरड्या दाण्यांचे भांडे दिवसभर भरलेले असे आणि त्याला चिकटूनच पाण्याची वाटी. संध्याकाळी ती वाटी बहुतेक भरलेलीच सापडे. मांजरे पाणी कमीच पितात, असे म्हणून घरात कोणी तिचा विचार केला नाही.

मांजरे पाणी कमी पितात हे खरेच आहे. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. उंदीर, पाखरे यांच्या अंगात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. शिकार खाल्ली की बरेचसे पाणी तिच्यातूनच पोटात जाते. उरलेली काटकसर मूत्रपिंडे करतात. मांजराची लघवी माणसाच्या लघवीपेक्षा कितीतरी दाट होऊ शकते, आणि तहानही उशिराच लागते. अडचण येते ती ताटात उंदराऐवजी दाणे आल्यावर. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे १० ग्रॅम पाणी असते, तर पाऊचमधल्या किंवा डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८०. दाण्यांवर वाढलेले मांजर वाटीतून थोडे अधिक पिते, पण ही तूट त्याने पुरती भरून निघत नाही. चार किलोच्या मांजराला खाण्यातले धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. बंड्याच्या पोटात त्याहून बरेच कमी जात असावे.

दाट लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक सहज धरतात. त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. मूत्राशयाच्या अस्तराला सूज असेल तर तिथून सुटणारा चिकट स्राव आणि हे स्फटिक मिळून बूच तयार होते. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने तिच्यात ते बहुधा वाहून जाते. बोक्याचा मार्ग लांब असतो आणि शेवटी फारच अरुंद होतो, तिथे ते अडकते. मूळ सूज का येते याचे एकच एक उत्तर नाही. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत बहुतेक वेळा जंतूही सापडत नाहीत आणि खडाही सापडत नाही. म्हणूनच रक्ताची लघवी दिसली की अँटिबायोटिक सुरू करायचे, हा रिवाज बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यात ताणाचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले. घरात बंद असलेले, वजन वाढलेले, नसबंदी झालेले, कोरडे खाणारे मांजर अधिक धोक्यात असते. बंड्या या चारही खान्यांत बसत होता.

ताण आला तो गणपतीत. घरात पाहुणे, रस्त्यावर ढोलताशे, रात्री फटाके. मखरासाठी जागा करताना त्याचा वाळूचा ट्रे नेहमीच्या कोपऱ्यातून उचलून गॅलरीत ठेवला गेला आणि गॅलरीचे दार बहुतेक वेळ लावलेले राहिले. बंड्या पलंगाखाली दडून बसे आणि लघवी धरून ठेवी. गौरी-गणपती गेले त्या दिवशी तो ट्रेकडे वारंवार जाऊ लागला. दबून बराच वेळ बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. पोट साफ होत नसेल, असा घरच्यांचा समज झाला. हा समज जवळजवळ प्रत्येक घरात होतो आणि त्यातच मोलाचे तास जातात. दुपारी त्याने न्हाणीघराच्या फरशीवर गुलाबी थेंब टाकले, मग तो मागचा भाग सारखा चाटत राहिला आणि संध्याकाळी ओकला. ट्रेमधली वाळू चाळणे हे आजींचे काम होते. त्यांनी वाळूत हात फिरवला आणि म्हणाल्या, "शीचं नाही काही, सू होत नाहीये त्याला. वाळू सकाळपासून कोरडी आहे." त्या रात्रीच त्याला दवाखान्यात नेले, आणि त्यामुळेच तो वाचला.

बोक्याची लघवी तुंबणे ही त्याच तासाला धावण्याची गोष्ट आहे. लघवी बाहेर पडली नाही की एक-दोन दिवसांत रक्तात विषारी द्रव्ये साचतात, पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत जीव जातो. अशा वेळी घरी पोट दाबू नये, भरलेले मूत्राशय फुटू शकते. पाणी पाजूनही उपयोग नसतो, कारण वाटच बंद असते. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे विष आहे.

डॉक्टरांच्या हाताला बंड्याचे मूत्राशय मोसंबीसारखे टणक लागले. रक्त तपासले, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दोन्ही चढलेले होते. सलाइन लावून, भूल देऊन त्याच्या मूत्रमार्गात बारीक कॅथेटर घातला आणि सलाइनच्या धारेने बूच मागे ढकलले. आधी लालभडक, मग हळूहळू तांबूस लघवी पिशवीत येऊ लागली. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडे काही काळ भरमसाट लघवी बाहेर टाकतात. तेवढे पाणी शिरेतून परत दिले नाही तर सुटका झालेले जनावर कोरडे पडते. त्यामुळे त्याला लगेच घरी न सोडता कॅथेटरसह ठेवून घेतले, पिशवीतल्या लघवीचे माप घेत सलाइनचा वेग ठरवला गेला. एक्स-रेत खडा दिसला नाही, लघवीत स्ट्रुव्हाइट सापडले. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन, वेदनाशामक आणि मूत्रमार्ग सैल करणारे औषध घेऊन तो घरी आला. तुंबणे वारंवार झाले तर मार्गाचा अरुंद भाग काढून रुंद तोंड करण्याची शस्त्रक्रिया करता येते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. ती वेळ आली नाही.

आजार परतण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. या घराने खरे काम केले ते त्याच काळात, आणि ते मुख्यतः पाण्याचे होते. आधी चूक दिशेने सुरुवात झाली: सिरिंजने तोंडात पाणी सोडणे. बंड्या तोंड फिरवी, फेस काढी, आणि सिरिंज दिसताच पळे. जबरदस्तीने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय मांजराला माणसाचा आणि भांड्याचाही वीट येतो. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले आणि पाणी खाण्यातून द्यायला लावले. मांजराची तहान ताटात भागते, हे एकदा पटले की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात.

लघवीच्या आजारासाठीचे खास ओले खाणे आणले. स्ट्रुव्हाइट विरघळवण्याची ताकद अशा आहारात असते. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे मात्र कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत, म्हणून स्फटिक कोणते हे कळल्याशिवाय आहार निवडू नये. बंड्याने पहिल्या दिवशी ते हुंगले आणि निघून गेला. इथे घाई करणे धोक्याचे होते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून वेगळाच गंभीर आजार उद्भवतो. म्हणून जुन्या दाण्यांत चमचाभर ओले, मग दोन चमचे, असे करत बदल झाला. फ्रीजमधले खाणे गरम पाण्यात पाऊच बुडवून कोमट केले की वास सुटे आणि तो आपणहून येई. मग त्या खाण्यातच पाणी मिसळायला सुरुवात झाली. आधी एक चमचा, आठवड्याने दोन, शेवटी पातळ आमटीइतके. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान जेवणे ठरली, कारण प्रत्येक जेवणाबरोबर थोडे पाणी पोटात जाते.

चिकन किंवा बांगडा उकडलेले पाणी हा बंड्याचा आवडीचा पदार्थ ठरला. ते वेगळे उकडावे लागे: मीठ, हळद, तिखट काहीही नाही, आणि कांदा-लसूण तर कधीच नाही, कारण त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. बर्फाच्या ट्रेमध्ये ते गोठवून ठेवत आणि एकेक वडी वाटीभर पाण्यात विरघळवून देत. सुकट आणि सुके बोंबील खारट म्हणून बंद झाले. मीठ वाढवून तहान वाढवण्याचा प्रयोग घरी करायचा नसतो. काही औषधी आहारांत ते मोजून घातलेले असते, ते वेगळे. दुधानेही पाण्याची गरज भागत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबात उलट पाणी जाते. नुसता चिकन-भात रोज देणेही बरोबर नाही, त्यात टॉरिन आणि कॅल्शियम पुरेसे नसते.

वाटीही बदलली. खोल वाटीऐवजी रुंद, उथळ चिनी मातीची भांडी आली, काठोकाठ भरलेली, मिशा काठाला न घासता पिता येईल अशी. ती खाण्यापासून आणि ट्रेपासून दूर, घरात वेगवेगळ्या ठिकाणी मांडली. खिडकीखालच्या भांड्यातले पाणी तो नेमाने पिऊ लागला, पलंगाजवळच्या भांड्याला शिवलाही नाही. सिंकच्या कडेवर बसून थेंबथेंब नळाला तो पूर्वीपासून पंजा लावी. त्याचा अर्थ आता लागला आणि वाहत्या पाण्याचे एक लहान कारंजे घरात आले. सगळ्या मांजरांना कारंजे आवडते असे नाही, काही त्याच्या आवाजालाच बिचकतात. मांजराची आवड पाहून ठरवावे.

ट्रे पुन्हा जुन्या कोपऱ्यात गेला आणि दुसरा आतल्या खोलीत ठेवला. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम पाळण्यासारखा आहे. वाळू ओली झाली की गोळा धरणारी निवडली, त्यामुळे लघवीचा हिशेब डोळ्यांना दिसू लागला. आजी रोज गोळे मोजत, त्यांचा आकार पाहत. पूर्वी दिवसाला एखादाच घट्ट गोळा सापडे, आता तीन मोठे, फिकट गोळे सापडू लागले. फेरतपासणीत लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०५० च्या वरून १.०३० च्या आसपास उतरलेले दिसले, स्फटिक नाहीसे झाले. वजन कमी करण्याची घाई केली नाही. रोज संध्याकाळी दोरीला बांधलेल्या पिसामागे धावणे आणि मोजून खाणे यांवर ते वर्षभरात सव्वापाच किलोवर आले.

पुढच्या गणपतीत आतली खोली बंड्यासाठी राखून ठेवली: दार लोटलेले, आत ट्रे, पाणी, त्याची जुनी चादर. कपाटावर चढायला स्टूल. तो सण निर्विघ्न गेला. दोन-तीन वर्षांनी घराला रंग लावताना मात्र त्याच्या लघवीत पुन्हा रक्त दिसले. या वेळी वाळूतले लहान लहान गोळे सकाळीच लक्षात आले. मूत्राशय मऊ होते, मार्ग मोकळा होता. वेदनाशामक औषध, खाण्यात अधिक पाणी आणि रंगाच्या वासापासून लांबची खोली एवढ्यावर तो आठवड्याभरात बरा झाला. अडथळा नसलेला असा दाह बहुधा आठवड्याभरात आपोआपही ओसरतो. बोक्यात तो केव्हा अडथळ्याचे रूप घेईल याचा भरवसा नसतो, म्हणूनच तपासणी टाळायची नसते.

बंड्या तेरा वर्षे जगला. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडे थकली. तेव्हा तो आपणहून खूप पाणी पिऊ लागला. म्हाताऱ्या मांजराची वाढलेली तहान हे तब्येत सुधारल्याचे लक्षण नसते, हे घराने ओळखले आणि रक्ततपासणी लवकर झाली. ओल्या खाण्याची सवय तोवर मुरलेली असल्याने आहार बदलताना त्रास पडला नाही. त्याच्यानंतर आलेल्या मनीला पहिल्या दिवसापासून ओले खाणे, दोन ट्रे आणि खिडकीखालचे उथळ भांडे मिळाले. मादी असल्याने तिची लघवी तुंबण्याची भीती फार कमी, तरी वाळू रोज चाळली जाते.