मुद्दाम घातलेला नॉइज

चांगला पॉवर सप्लाय हट्टी असतो. लोड एकदम वाढो की कमी होवो, त्याचं व्होल्टेज जागचं हलत नाही. हा हट्ट येतो त्याच्या अगदी कमी इम्पीडन्समुळे. आणि माझं काम नेमकं ते व्होल्टेज हलवण्याचं! त्यावर मुद्दाम नॉइज चढवायचा आणि पुढचं सर्किट तो किती थोपवतं, हे मोजायचं. टेस्टिंगमध्ये इतकं शिकवणारं दुसरं काम मला भेटलेलं नाही.

पहिल्यांदा कुणालाही सुचतं ते असं : फंक्शन जनरेटरची साइन वेव्ह कपॅसिटरमधून थेट १२ व्होल्टच्या लाइनवर सोडावी. जनरेटरचा इम्पीडन्स ५० ओहम, सप्लायचा समजा १० मिलिओहम. मग १ व्होल्टपैकी लाइनवर उरतो जेमतेम ०.२ मिलिव्होल्ट. दर्यात खसखस! दणकट ॲम्प्लिफायर लावला, तरी १०० मिलिव्होल्ट उमटवायला १० अँपिअर ओतावे लागतात.

म्हणून जागा बदलायची. सप्लायकडून येणारी तार तोडून तिथे ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी सिरीजमध्ये घालायची. आता तोच कमी इम्पीडन्स आपल्या बाजूने उभा राहतो. सप्लाय आपलं टोक पक्कं धरून ठेवतो, म्हणून सेकंडरीवरचा जवळजवळ सगळा नॉइज पलीकडच्या सर्किटवर पडतो. अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-४६१ या मानकातली सीएस१०१ चाचणी ३० हर्ट्झपासून १५० किलोहर्ट्झपर्यंत हेच करते. तिथे सप्लायच्या बाजूला दोन तारांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, तोही ते टोक एसीसाठी आणखी पक्कं व्हावं म्हणूनच.

आता लोडचा सगळा डीसी करंट सेकंडरीतून वाहतो. कोअर लहान असेल तर ती सॅच्युरेट होते आणि स्कोपवरची साइन वेव्ह वेडीवाकडी होते. म्हणून एअर गॅप असलेली, पुरेशी मोठी कोअर लागते. शिवाय नुसता रेग्युलेटर तपासायचा असेल, तर त्याच्या इनपुटवरचा मोठा कपॅसिटर काढावा लागतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोहर्ट्झला फक्त १६ मिलिओहमचा होतो आणि आपण घातलेला नॉइज गिळून बसतो.

उदाहरण ७८०५ या रेग्युलेटरचं घेऊ. त्याचं रिपल रिजेक्शन बऱ्याच डेटाशीटमध्ये किमान ६२ डेसिबल दिलेलं असतं. म्हणजे इनपुटला १०० मिलिव्होल्ट घातले, तर आउटपुटला फार तर ८० मायक्रोव्होल्ट. एवढंसं काही मोजताना प्रोबची लांब ग्राउंड वायरच अँटेना होते. म्हणून मी ती काढून टोकाची छोटी स्प्रिंग लावतो आणि आधी प्रोबचं टोकही ग्राउंडलाच टेकवतो. तेव्हा जे दिसतं, तो मोजणीचा स्वतःचा नॉइज. तो माहीत झाल्याशिवाय पुढचा एकही आकडा मी वहीत लिहीत नाही.

तो ६२ चा आकडा १२० हर्ट्झचा असतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि रेक्टिफायरनंतर तिची फ्रिक्वेन्सी दुप्पट होते. आपल्याकडे ते १०० हर्ट्झ. तेवढ्याने फारसं बिघडत नाही. पण स्विचिंग सप्लायचा रिपल शेकडो किलोहर्ट्झचा असतो आणि फ्रिक्वेन्सी वाढते तसा रेग्युलेटरच्या फीडबॅक लूपचा गेन घटतो, नॉइज थोपवण्याची ताकदही त्याच्याबरोबर ओसरते.

त्या लूपचा गेन मोजायची रीत कॅलटेकच्या आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि तिथेही प्रश्न जागेचाच आहे. मागे बघितलं तर इम्पीडन्स कमी, पुढे बघितलं तर जास्त, अशा ठिकाणी व्होल्टेज घालायचं. रेग्युलेटरचं आउटपुट आणि फीडबॅकचे रेझिस्टर यांच्यामधली जागा अशीच असते. तिथे लहानसा रेझिस्टर घालून त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर जोडायचा, की लूप चालू ठेवूनच गेन मोजता येतो.

म्हणून नव्या इंजिनिअरांना मी कळकळीने सांगतो : नॉइज पुरत नाही असं वाटलं, तर ॲम्प्लिफायरची नॉब फिरवण्याआधी जोडणीच्या दोन्ही बाजूंचे इम्पीडन्स कागदावर लिहा. नॉइज कुठे घालायचा, हे ते दोन आकडेच सांगतील.