चिऱ्यांच्या घरातले वायफाय

आमचे घर अंत्रुज महालातले, जुन्या पद्धतीचे, मध्ये राजांगण असलेले. ते बांधताना ऊन, पाऊस आणि चोर या तिघांना बाहेर ठेवावयाचे एवढाच हेतू आमच्या पणजोबांपुढे होता, आणि त्यासाठी त्यांनी चिऱ्यांच्या भिंती चांगल्या दीड हात जाडीच्या घातल्या. पुढे एखादा पाहुणा असाही येईल, की जो दाराने न येता भिंतीतूनच येऊ पाहील, हे त्या बिचाऱ्यांना कसे ठाऊक असावे!

हा पाहुणा आला तेव्हा आम्ही त्याला घराच्या रीतीप्रमाणे पुढच्या सोप्यावरच बसविले. तार तेथूनच आत शिरत होती हे खरे. पण खरे कारण निराळेच होते. सोपा म्हणजे आमची बैठक. वर्तमानपत्र, हिशेब, आल्यागेल्याशी गप्पा, सारे तेथेच. तेव्हा राउटरही तेथेच असणार, यात विचार करण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटलेच नाही. आई राहते राजांगणाच्या पलीकडे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. वय ८२, गुडघे अधू. तिच्या खोलीपर्यंत तीन भिंती पडतात.

तिची तक्रार येऊ लागली तेव्हा आम्ही बाजारातून एक स्वस्तातला रिपीटर आणला आणि तिच्या खोलीत खोचून दिला. फोनवर रेघा पूर्ण दिसू लागल्या. आम्ही कृतकृत्य झालो. त्या रेघा फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या असतात, रिपीटरपर्यंत मुळात काय पोचते याबद्दल त्या अवाक्षर सांगत नाहीत, हे ज्ञान आम्हांला पुढे झाले.

श्रावणात बडोद्याहून मावशीचा फोन आला. ती अंथरुणाला खिळलेली होती. भाचीने फोन तिच्या तोंडासमोर धरला होता. मावशीने काही विचारले आणि चित्र थिजले. "कितें म्हळें गो?" आईने तीनदा विचारले. चित्र पुन्हा हलले तेव्हा मावशी दमून डोळे मिटून पडली होती. चौथ्या दिवशी ती गेली. ती काय विचारीत होती, हे आईने आम्हांला पुष्कळदा विचारले. त्यावर आम्ही काय सांगणार?

त्यानंतर आम्ही मेश घ्यावयाचे ठरविले, आणि या वेळी थोडा अभ्यास करून. पहिला धडा पेटीवरच्या आकड्यांचा. तेथे ३००० असे ठळक छापलेले असते. ती ५७४ आणि २४०२ यांची बेरीज, तीही वर ओढून गोळा केलेली. दोन निरनिराळ्या पट्ट्यांचे कागदावरचे वेग एकत्र केलेले. आमची जोडणीच मुळी १०० मेगाबिटची. म्हणजे पावशेराच्या भांड्यासाठी रांजण विकत घेण्यातला प्रकार! चौरस फुटांच्या आकड्यात तर आमच्या पणजोबांच्या भिंती कोणी धरलेल्याच नसतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीतून कशीबशी निभावते. ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहूनही आखूड. वेगाने मोठी, पण भिंतीपुढे नाजूक. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा लहरी अधिक गिळते. आमची फजिती श्रावणातच का झाली, याचा थोडा उलगडा आम्हांला येथे झाला.

रिपीटरचे इंगित कुळागराला पाणी देणाऱ्यास चटकन कळेल. पाटाचे पाणी ज्या माडापर्यंत पोचतच नाही, त्याच्या मुळाशी दुसरी चर खणून काय उपयोग? चर खणावी ती पाणी पोचते तेथून. मेशचा दुसरा डबाही तसाच. वायफाय जेथे मेले तेथे तो ठेवू नये, जेथे अजून धडधाकट आहे तेथे, वाटेवर, ठेवावा. शिवाय साधा डबा ज्या पट्टीवर ऐकतो तिच्यावरच बोलतो, त्यामुळे त्याचा निम्मा वेळ निरोप पुढे पोचविण्यातच जातो. तीन पट्ट्यांचे महागडे संच यातली एक पट्टी डब्याडब्यांमधल्या बोलण्यासाठी राखून ठेवू शकतात.

आमच्या चिरंजीवांचा कौल अर्थातच अशा संचाला, आणि तोही तीन डब्यांचा. परंतु आमची वाट म्हणजे राजांगण; तेथे डबा ठेवावयाचा तो तुळशीवृंदावनावर काय? सौभाग्यवतींनी ती सूचना ऐकूनही घेतली नाही. शेवटी तोड निघाली ती जुनीच, तारेची. दोन डब्यांमध्ये इथरनेटची तार घातली की भिंत जाड की पातळ, ओली की कोरडी, हा प्रश्नच उरत नाही. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, आणि आमचे घर कितीही ऐसपैस असले तरी तेवढे नाही. मग दुसरा डबा थेट आईच्या खोलीतही ठेवता येतो. म्हणून दोन पट्ट्यांचा, दोन डब्यांचा, मध्यम किमतीचा संच आम्ही घेतला. विजेच्या भयाने तार उघड्या राजांगणावरून न नेता, प्लास्टिकच्या नळीतून वळचणीखालून फिरवून नेली. तीन भिंतींना भोके पाडताना गवंड्यापेक्षा आम्हीच अधिक कण्हत होतो. दोन्ही डबे आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर घेतली. नाहीतर पहिल्याच सरीला वीज जावयाची आणि सारा खटाटोप पाण्यात.

डबा आईच्या कोनाड्यात बसला. पूर्वी तेथे समई असे. त्याच संध्याकाळी तिने बडोद्याला भाचीला फोन लावला. आम्ही सोप्यावरून उठून तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. चित्र थिजते की काय, याचीच धास्ती. ते थिजले नाही. बऱ्याच वेळाने आईने तो प्रश्न काढला. भाची क्षणभर थांबली. म्हणाली, "मला नक्की नाही सांगता येणार, मावशी. पण ते चार-पाच दिवस तिचं एकच चाललं होतं, यंदा आमसुलं आली का म्हणून."

आमसुले दरवर्षी आईच पाठवी. यंदा गुडघ्यांमुळे राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हांला माळ्यावरची बरणी उतरवावयास लावली. दोन किलो भरली. पत्ता तिने स्वतःच घातला, भाचीच्या नावाने.