शेतावरची पंगत आणि दुधाचे पथ्य

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक नवे पथ्य आले आहे. महाविद्यालयात शिकणारी मुलगी एके दिवशी जाहीर करते, की यापुढे दूध, दही, तूप, अंडे, मध यांतले काहीही तिला चालणार नाही. घरच्या स्वयंपाकघरात हे पथ्य हळूहळू रुळते. अडचण येते ती सर्वांनी मिळून प्रवासाला निघायचे ठरल्यावर. बेत शेतावरच्या जेवणाचा असेल तर ती आणखी वाढते. आजीला भाकरीवर लोण्याचा गोळा हवा असतो, धाकट्याला गावरान कोंबडीचा रस्सा हवा असतो आणि मुलीला या दोन्हींतले काही नको असते. मग ती डबा बरोबर घेते आणि पंगतीत एकटी पडते, किंवा मुळात घरीच राहते. एका जेवणापायी कुटुंबातील माणूस असा बाजूला पडू नये, असे आपणा सर्वांनाच वाटत असणार. त्यासाठी काय करता येईल, हे पाहायला या वेळी आपण जुन्नर तालुक्यात जाऊ.

पुण्याहून नाशिकच्या महामार्गाने सुमारे ७५ किलोमीटर गेलात की नारायणगाव लागते. टोमॅटोच्या बाजारासाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. तेथून पश्चिमेला वळलात की कुकडी आणि मीना या नद्यांच्या पाण्यावर पोसलेली शेते दोन्ही अंगांना दिसू लागतात. ऊस, कांदा, द्राक्षबागा, मेथी आणि कोथिंबिरीचे वाफे एकामागून एक मागे पडतात. समोर शिवनेरी उभा असतो. त्याहीपलीकडे नाणेघाटाच्या दिशेने जमीन चढत जाते, पाऊस वाढतो आणि पिके बदलतात. तेथील आदिवासी पट्ट्यात भात, नाचणी, वरई आणि खुरासणी पिकते. हिरड्याची झाडेही तिकडचीच. एकाच तालुक्यात इतके वैविध्य असल्यामुळे येथील ताटही ऋतूप्रमाणे आणि उंचीप्रमाणे बदलते. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका घोषित केले आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शेतातले पीक तेथल्याच चुलीवर शिजवून पाहुण्यांच्या पानात वाढणारी कृषी पर्यटन केंद्रे आज या परिसरात अनेक आहेत. शहरांतील उपाहारगृहे ज्याचे कौतुकाने नाव घेतात ते ‘शेतातून थेट ताटात’ येथे रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

दोन चुलींचे शहाणपण

अशा केंद्रांपैकी बहुतेक ठिकाणी सामिष जेवण मिळते, आणि दुभती जनावरे तर जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असतात. त्यामुळे पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्याला येथे काय मिळणार, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या खेड्यांतील सामिष घरांना पथ्य सांभाळण्याची जुनी सवय आहे. ज्या घरात मटण शिजते, त्याच घरात गळ्यात तुळशीची माळ घातलेले एखादे आजोबा असतात. माळकऱ्यासाठी भांडे वेगळे, पळी वेगळी, कित्येक घरांत चूलही वेगळी. रश्शाची चूल मागच्या पडवीत किंवा अंगणात आणि भाकरीची आत, अशी विभागणी कोणी शिकवावी लागत नाही. माळकऱ्याला वेगळे वाढताना त्या घराला अपमान वाटत नाही, आणि माळकरीही इतरांच्या ताटाकडे नाक मुरडून पाहत नाही. आपल्या मुलीचे पथ्य याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, असे समजावून सांगितले तर ते चटकन ध्यानात येते.

मात्र ते कोणत्या शब्दांत सांगायचे, याला महत्त्व आहे. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. आपल्या देशात २०२२ मध्ये अशा खाद्यपदार्थांसाठी नियमावली झाली आणि वेष्टनांवर त्यांचे वेगळे हिरवे चिन्ह दिसू लागले. पण चुलीवरच्या भाकरीला वेष्टन नसते. तेथे ‘आम्ही व्हीगन आहोत’ एवढेच सांगून भागत नाही. ‘शाकाहारी’ म्हणालात तर त्यात दूधदुभते गृहीतच असते. ‘साधे जेवण’ म्हणालात तर वरणभातावर प्रेमाने तूप पडते. ‘उपवासासारखे’ म्हणालात तर दहीच पुढे येते. म्हणून पदार्थांची नावे घ्या: “ताई, हिला दूध, दही, ताक, लोणी, तूप चालत नाही. अंडे आणि मधही नको. तेल, शेंगदाणे, खोबरे, तीळ सगळे चालते.” चालत नाही ते सांगितल्यावर चालते तेही आवर्जून सांगावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्यातूनच पर्याय सुचतात.

हे सांगण्याची वेळही महत्त्वाची आहे. पानावर बसल्यावर सांगितले, तर तोवर फोडणी पडलेली असते. जागा राखून ठेवताना दूरध्वनीवरच सांगावे आणि पोहोचल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन एकदा आठवण द्यावी. शहरातील मोठ्या उपाहारगृहात वाढणाऱ्याला आमटीत काय पडले आहे हे अनेकदा आत जाऊन विचारावे लागते. येथे पेरणारे, निवडणारे, शिजवणारे आणि वाढणारे हात बहुधा एकाच घरातले असतात. त्यामुळे विचाराल त्याचे उत्तर नेमके मिळते. पथ्य सांभाळणाऱ्याला शेतावरच्या पंगतीचा सर्वांत मोठा लाभ हाच.

ताटात काय येते

पौष महिन्यात गेलात तर भोगीच्या सुमारासची भाजी पानात येते. ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगे, शेंगदाणे आणि तिळाचे कूट यांची ही मिसळण शेतातल्या त्या वेळच्या पिकांचे प्रतिबिंबच असते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. या दोन्हींत दुधाचा अंशही नसतो. लोणी वरून येते, आणि वरून येणारे थांबवणे सोपे असते. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी लसूण-मिरचीच्या पाण्यात शिजतात. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांद्याच्या पातीची पीठ पेरून केलेली भाजी आणि चुलीत भाजलेल्या वांग्याचे तेलातले भरीत, ही सारी या पथ्यात बसतात.

याच परिसराची मासवडी तर आवर्जून मागावी. नाव आणि आकार माशाचा, पण आत मासा नाही. मसाल्याच्या पाण्यात बेसन घोटून घट्ट शिजवतात, ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण आणि कोथिंबीर यांचे भाजके सारण पसरतात आणि गुंडाळी करून तिच्या वड्या कापतात. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते. झणझणीत काळ्या रश्शाबरोबर ती समोर आली, की कोंबडीच्या रश्शाची वाट पाहणारा धाकटाही ताईच्या पानाकडे हात लांबवतो. सामिष जेवणाचा थाट आणि चव असलेला हा पदार्थ मुळातच पूर्ण वनस्पतीजन्य आहे.

दूध लपलेले असते ते वेगळ्याच ठिकाणी. पहिली कसोटी पोहोचताक्षणीच येते: स्वागताचा चहा. तेथे गुळाचा कोरा चहा किंवा गवती चहाचा काढा मागावा. पिठल्यात काही घरांत ताक घालतात. कोशिंबिरीत दही असते, वरणाची फोडणी तुपाची असू शकते, मसालेभात तुपाने माखलेला असतो आणि ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून उतरताच तिला लोणी लावण्याची सवय असते. पुरणपोळीच्या पुरणात काही नसले, तरी पोळी तुपावर भाजली जाऊ शकते. मासवडीचा रस्सा सामिष रश्शाच्या पातेल्यातून काढलेला नाही ना, हेही एकदा विचारून घ्यावे. गोडाला मधाऐवजी काकवी मागता येते. उसाच्या या पट्ट्यात ती सहज मिळते.

आरोग्याचा हिशेब

असे एक जेवण पोषणाच्या दृष्टीने उत्तम असते. भाकरीतील प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते. ती हुलगा, हरभरा, बेसन अशा कडधान्यांतून भरून निघते. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र टाळावा. तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो.

कॅल्शियमचा हिशेब मात्र डोळसपणे करावा लागतो. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशेच्या जवळपास मिळते. तिळात ते भरपूर असले, तरी एक मोठा चमचा तिळातून ऐंशी-नव्वद मिलिग्रॅमच हाती लागते. दूध सोडले की ही बेरीज नाचणी, तीळ, कडधान्ये, शेवग्याची पाने अशा अनेक वाटांनी रोज जुळवावी लागते. सहलीतले एक ताट त्यासाठी पुरत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जीवनसत्त्व ‘ब-१२’ची. प्रौढाची त्याची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे अत्यल्प आहे; पण वनस्पतीजन्य अन्नातून तीही खात्रीने भागत नाही. शेतातील ताजी भाजी न धुता खाल्ली, की मातीतून ‘ब-१२’ मिळते, असा एक समज आहे. त्यावर विसंबू नका. अशा भाजीतून जंतांची अंडी पोटात जाण्याची शक्यताच अधिक. यकृतातील साठ्यामुळे ‘ब-१२’ची कमतरता काही वर्षे जाणवत नाही. पुढे थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, पंडुरोग अशी लक्षणे दिसू लागतात, आणि मज्जातंतूंची हानी दीर्घकाळ राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून हे पथ्य स्वीकारणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘ब-१२’ नियमित घ्यावे. औषधातील हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते, त्यामुळे ते या पथ्याच्या आड येत नाही. वाढीची मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्याबाबत तर यात हयगय नकोच.

गोठ्यासमोरून जाताना

जेवण झाल्यावर आपण शिवार पाहायला निघाल, तेव्हा वाटेत गोठा लागेल. मुलगी तेथे क्षणभर थबकेल. जी मेथी तिने चवीने खाल्ली, तिच्या वाफ्यात याच गोठ्यातले शेणखत पडलेले असते. शेतकरी विषय निघाला तर सांगतो, की टोमॅटोचा भाव कधी काढणीची मजुरीही सुटू देत नाही; दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार मात्र किराणा आणि मुलांचे शुल्क भागवतो. मुलीच्या मनातील जनावराविषयीची कणव खरी आहे, आणि त्या घराची गरजही खरी आहे. अशा वेळी कोणाला पटवून देण्याची घाई करू नये. तिने प्रश्न विचारावेत, शेतकऱ्यानेही विचारावेत. दूध का सोडलेस, असे त्या घरातील आजीने विचारले, तर मुलीने शांतपणे आपले कारण सांगावे. आजीला ते पटले नाही तरी चालेल.

आणखी एक व्यावहारिक सूचना. तूप, ताक, दही घेतले नाही म्हणून दर कमी करण्याचा आग्रह धरू नका. आपल्यासाठी वेगळी फोडणी करायला वेगळा वेळ लागलेला असतो. उलट निघताना नाचणीचे पीठ, हुलगे, तीळ, काकवी असे जे आपल्या पथ्यात बसते, ते विकत घ्या. मासवडीची मागणी वाढली तर ती अधिक वेळा शिजेल. पुढच्या पाहुण्याला तेवढे कमी समजावून सांगावे लागेल. आपल्या आहाराचे म्हणणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा हा सर्वांत सौम्य मार्ग आहे.

आपल्याकडे अन्न नाकारणे हे माणूस नाकारण्यासारखे मानले जाते. म्हणूनच दूध सोडलेल्या मुलीला पंगतीत अवघडल्यासारखे होते आणि वाढणाऱ्या बाईलाही. हा अवघडलेपणा दूर करायचा असेल, तर ‘नको’ म्हटल्यानंतर लगेच काहीतरी मागून घ्यावे. तूप नको म्हणताना “आणखी थोडा ठेचा वाढा” म्हणावे. वाढणाऱ्या हाताला रिकामे परत जावे लागले नाही, की पथ्य कोणालाच खुपत नाही. येत्या हिवाळ्यात जुन्नरचा बेत ठरवाल तेव्हा आजीला, धाकट्याला आणि मुलीलाही बरोबर घ्या. फक्त आदल्या दिवशी एक दूरध्वनी करायला विसरू नका.