अठ्ठ्याण्णव सामने

मेलबर्नचे भव्य मैदान आपण क्रिकेटमुळे ओळखतो. परंतु तेथील हिवाळ्यात त्याच हिरवळीवर एक निराळाच फुटबॉल रंगतो. लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा गडी आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारला की गोल, म्हणजे सहा गुण. दुरून आलेला चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी झेलणाऱ्यास पुढचा फटका विनाअडथळा मारता येतो; म्हणून त्या एका झेलासाठी गडी एकमेकांच्या खांद्यांवरून उसळतात.

या उसळीत जॉन कोलमनचे नाव तेथे आजही आदराने घेतात. 1928 साली पोर्ट फेअरी या समुद्रकाठच्या गावी तो जन्मला. 1949 मध्ये एसेंडन संघातर्फे पहिल्याच सामन्यात त्याने 12 गोल केले आणि हंगामाचा शंभरावा गोल अंतिम सामन्यात! पुढील वर्षी 120. दोन्ही वर्षी एसेंडनच अजिंक्य ठरला.

1951 मध्ये मात्र साखळीच्या अखेरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने त्याला डिवचले, मारले; त्यानेही उलट हात उगारला. दोघांवरही चार-चार सामन्यांची बंदी आली. न्याय वरवर समान खरा; पण त्या प्रतिस्पर्ध्याचा संघ बाद फेरीत नव्हताच, आणि कोलमनचा होता. त्याच्यावाचून खेळलेला एसेंडन अंतिम सामना 11 गुणांनी हरला. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

त्याहूनही मन थबकते ते 1954 मधील एका आठवड्यापाशी. फिट्झरॉयविरुद्ध त्याने एकाच सामन्यात 14 गोल केले. पुढच्याच सामन्यात उसळी घेऊन खाली येताना गुडघा निखळला. वय अवघे पंचवीस. 98 सामने, 537 गोल. लीगच्या सामन्यात खेळाडू म्हणून तो पुन्हा उतरलाच नाही.

ज्या कामात आपली बरोबरी करणारा कोणी नाही, ते पंचविशीतच हातून गेले तर माणसाने उरलेले आयुष्य कशाने भरावे? आपल्या ओळखीत असा एखादा गवई असेल, आवाज गेलेला. तो मैफलींकडे फिरकतही नाही. कोलमन मात्र परत आला. 1961 मध्ये तो एसेंडनचा प्रशिक्षक झाला. 1962 आणि 1965 मध्ये त्याच्या हाताखाली संघाने अजिंक्यपद मिळवले. दुसऱ्यांना उसळी घ्यायला शिकवताना त्याचा गुडघा काय म्हणत असेल, असे मला राहून राहून वाटते.

पुढे ड्रोमाना येथे तो हॉटेल चालवीत होता. तेथेच 1973 साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यास 1981 पासून जे पदक देतात, त्यास कोलमनचे नाव आहे.