महेश्वरची पहाट

इंदुराहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. महू मागे पडले, मानपूरचा घाट उतरला, की माळव्याचे पठार संपते आणि निमाडची उष्ण हवा अंगाला लागते. धामणोदला वळले, की थोड्याच वेळात नर्मदेचा काठ येतो. आपल्याकडच्या मराठी घरांना ही वाट नवी नाही. पाहुणे आले म्हणून, पर्वणी आली म्हणून, नाही तर उगीचच, आपण सारे महेश्वरला जात असतो. आमच्या घरी ही वाट सर्वांत अधिक तोंडपाठ कोणाला असेल, तर ती आमच्या ती. नानांना. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे महेश्वर हे त्यांचे दुसरे घरच.

२०२२ च्या मार्गशीर्षात मात्र आम्ही उभयता त्यांना घेऊन निघालो, ते मनात धास्ती बाळगूनच. वर्षभरापूर्वी, भाद्रपदात, नाना एके सकाळी उठले आणि त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" आम्ही सांगितला. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तोच. आम्हांला ते ओळखत होते, स्वतःचा चहाही त्यांनी नेहमीसारखा करून घेतला. पण आदल्या दिवशी घरी कोण येऊन गेले, याचा मागमूस त्यांच्या मनात नव्हता. अर्ध्या-पाऊण तासाने मळभ सरावे तसे सारे निवळले. गंमत अशी, की असे काही घडले हेच त्यांना मुळी पटेना.

त्यानंतर वर्षभरात आणखी तीनदा तसेच झाले. रक्तातील साखर, रक्तदाब, थायरॉइड, बी-बारा, मेंदूचे छायाचित्र, सारे ठीक निघाले. एका डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवले, दुसऱ्यांनी आईंच्या वियोगाकडे. आप्तांना आम्ही काही सांगितले नाही आणि नानांपुढेही विषय टाळू लागलो. जो शब्द उच्चारायची भीती वाटत होती, तो स्मृतिभ्रंश हा शब्द रात्री अंथरुणावर दोघांच्याही मनात असे. पण एकमेकांशी बोलायचे धैर्य होत नसे.

महेश्वरला पोहोचलो ते दुपार कलल्यावर. किल्ला चढून वाड्यातील देवींची साधीसुधी गादी पाहिली, राजराजेश्वराच्या मंदिरात अखंड तेवणारे नंदादीप पाहिले. नाना अगदी रंगात आले होते. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव गेले, १७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ पासून १७९५ पर्यंत या बाईंनी राज्य कसे चालवले, हे त्यांनी सनावळीसकट सांगितले. एक आकडा चुकला नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतके लख्ख आठवणाऱ्या माणसाची काळजी ती काय करायची, असे क्षणभर वाटून गेले.

पुढे विणकरांच्या गल्लीत आलो. मागावर बुगडीच्या काठाची साडी चढली होती. या काठाला उलटे-सुलटे नसते, दोन्ही बाजूंनी सारखा. आम्ही सहज म्हटले, "नाना, २०११ साली आईंना अंजिरी साडी घेतली होती, ती इथलीच ना?"

नाना थबकले. "आम्ही दोघं इथं आलो होतो? कधी?"

त्या सहलीची छायाचित्रे घरच्या भिंतीवर आहेत. आई त्यानंतर पाच वर्षांनी गेल्या. दोघांचा तो शेवटचा प्रवास. आणि नानांच्या मनात त्याची जागा कोरी होती. १७६७ शाबूत होते; २०११ पुसले गेले होते.

त्या रात्री आम्हांला झोप लागली ती पहाटेच, आणि जाग आली तेव्हा नानांचे अंथरूण रिकामे होते.

घाटाच्या पायऱ्या आम्ही कशा उतरलो, ते सांगता येणार नाही. नदीवर धुके होते, बाणेश्वराचे देऊळ पाण्यात अस्पष्ट दिसत होते. अगदी खालच्या पायरीवर, पाण्यापासून दोन हातांवर, नाना बसले होते. शेजारी एक नावाडी. तो म्हणाला, "बाबूजी आधे घंटे से यही पूछ रहे हैं कि हम यहाँ कब आए. बीच-बीच में मुँह ऐसे चलाते हैं, जैसे पान खा रहे हों."

नानांनी आम्हांला ओळखले. "अरे, आपण इथं कधी आलो?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा सांगितले. हळूहळू धुक्यातून पलीकडचा काठ वर आला आणि नानांचा प्रश्न थांबला. मग थोड्या वेळाने त्यांनी वर्षभरात प्रथमच विचारले, "मला काही झालं होतं का?"

आम्ही लपवले नाही. चारही वेळांचे सांगितले, ही पाचवी. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला आधी सांगायचं होतं रे. ज्याची नोंद नाही, त्याचा इतिहास कसा लागणार? लिहून ठेवा." त्यांच्याच देखत लॉजच्या पावतीमागे आम्ही लिहिले: झोपेतून उठताच आरंभ, सुमारे पाऊण तास, तोंड चघळल्यासारखे, स्वतःला काही आठवत नाही.

त्यानंतर वाड्यात लिंगार्चन पाहिले. काळ्या मातीची इवली लिंगे हातांनी घडवायची, पूजायची आणि नर्मदेत सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. नाना बराच वेळ पाहत उभे होते.

ती पावतीच कामी आली. इंदूरच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "प्रत्येक वेळी झोपेतून उठल्यावरच?" झोपेतला मेंदूचा विद्युत्-आलेख काढला, आणि उलगडा झाला. हा अपस्माराचाच एक प्रकार. यात माणूस पडत नाही, झटके येत नाहीत, फक्त स्मृतीचे दार तेवढा वेळ बंद होते. ट्रान्झियंट एपिलेप्टिक अ‍ॅम्नेशिया असे त्याचे नाव. जुन्या सहली, समारंभ पुसले जाणे हेही त्यातलेच. आणि ते बहुधा परत येत नाही. गोळी मात्र लागू पडते. जानेवारी २०२३ पासून नानांना तसा प्रसंग आलेला नाही.

वडीलधाऱ्यांचे प्रत्येक विसरणे असेच असेल, असे आमचे म्हणणे नाही. एकाएकी पहिल्यांदा असे घडले, तर घरी वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे, कारण पक्षाघाताचाही आरंभ कधी असा असू शकतो. वेळ, अवधी, हालचाल टिपावी, जमल्यास फोनवर चित्रित करावे. निदान होईपर्यंत नदीवर एकटे जाऊ देऊ नये. आणि त्या माणसापासून लपवू नये. हे शहाणपण आम्हांला वर्षभर उशिरा आले.

२०२३ च्या मार्गशीर्षात पुन्हा गेलो. अंजिरी साडी बरोबर नेली होती. घाटावर बसून नाना म्हणाले, "सांगा आता." नावेत बसताना आई कशा घाबरल्या, साडीच्या किमतीवरून दोघांची कशी जुंपली, परतीच्या वाटेवर मानपूरला भुट्टे कसे खाल्ले, सारे सांगितले. परक्याचा वृत्तान्त ऐकावा तसे ते ऐकत होते. साडीचा काठ मात्र त्यांच्या बोटांत होता. शेवटी खिशातली वही काढून त्यांनी लिहिले: "२०११. महेश्वर. ही बरोबर होती."

मग वही मिटून म्हणाले, "चला, लिंगार्चनाची वेळ झाली."