हिशेब धन्याचा

दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या ओसरीवर मुलांना धर्मशिक्षण द्यावे, हा आमचा नेम गेली छत्तीस वर्षे चालत आला आहे. खानापूर तालुक्यातील आमचे गाव लहान. त्यात आपली ख्रिस्ती घरे मोजकीच. तथापि एके काळी ओसरी अपुरी पडावी इतकी मुले येत. पुढे कोणी बेळगावास गेले, कोणी पुण्यास, कोणी आखातात. गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी अवघी तीन मुले आली. त्यांतील एकीने धाकट्या भावास कडेवर आणले होते. धडा संपेपर्यंत तो आमच्या मांडीवर झोपला.

त्याच दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी शहरातून आला होता. त्याने आपुलकीने विचारले, "मास्तर, इतक्या वर्षांत तुमच्या हाती काय लागले हो?" प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तो अधिक बोचला. रात्री आम्ही हजेरीच्या जुन्या वह्या काढून बसलो. यांतील कोणी धर्मगुरू झाला? नाही. कोणी धर्मभगिनी? नाही. उलट काही नावांपाशी बोट थबकले. ती माणसे आता मिस्सेलाही येत नाहीत. अखेर आम्हांस या कामातून मुक्त करावे, असे फादरांना पत्र लिहिले आणि ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि फादरांकडे जाणे राहिले. घरात अडकून पडलो असता संत चार्ल्स द फुको यांचे चरित्र पुन्हा हाती घेतले. १८५८ साली फ्रान्समध्ये एका सधन घराण्यात जन्मलेला हा माणूस. तरुणपणी श्रद्धा गमावली, सैन्यात अधिकारी झाला, चैनीत पैसा उधळला. १८८६ साली त्याचे मन पालटले. १९०१ साली तो धर्मगुरू झाला आणि पुढे सहारा वाळवंटात तुआरेग लोकांमध्ये जाऊन राहिला. त्याने एका नव्या बंधुसंघाचे नियम लिहून ठेवले होते. पण त्या कुटीत कायमचा राहावयास एकही सोबती आला नाही. तुआरेग लोकांत ख्रिस्तमंडळीही उभी राहिली नाही.

१९०७ सालच्या नाताळाची हकीगत वाचताना तर आमचे डोळे भरून आले. त्या काळच्या नियमाप्रमाणे सेवेस दुसरा ख्रिस्ती माणूस नसेल, तर धर्मगुरूला मिस्सा अर्पण करता येत नसे. तामनरासेतला तो एकटाच होता. वेदी होती, भाकर होती, द्राक्षारस होता, अंतःकरणात ओढ होती. पाहावयास मात्र कोणी नव्हते. तरीही त्याने नियम मोडला नाही. प्रभूच्या जन्मदिनी तो धर्मगुरू मिस्सेवाचून राहिला. पुढील जानेवारीत परवानगी पोहोचली, त्यानंतरच त्याने एकट्याने मिस्सा अर्पण केली. १ डिसेंबर १९१६ रोजी त्याच्या कुटीवर हल्ला झाला आणि गोळी लागून तो मरण पावला. त्या संध्याकाळी कोणी त्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला असता, तर जमेला काय दिसले असते? त्याच्या वाटेने चालणारे बंधू १९३३ साली एकत्र आले, आणि १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केले. यांपैकी त्याने स्वतः काहीच पाहिले नाही.

पुस्तक मिटले आणि प्रभूने सांगितलेला मोहरांचा दाखला आठवला. एका दासाने पाच मोहरांवर पाच मिळविल्या, दुसऱ्याने दोहोंवर दोन. मिळकत निराळी, परंतु धन्याने दोघांची प्रशंसा अगदी त्याच शब्दांत केली, आणि ती त्यांच्या विश्वासूपणाची केली. इतकी वर्षे हा दाखला मुलांना शिकवूनही ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती! आम्ही वह्या उघडून धन्याचा हिशेब स्वतःच मांडावयास बसलो होतो.

तरीही ते पत्र आम्ही फाडले नाही. हट्टाने वर्ग चालविणे ही काही आज्ञाधारकता नव्हे. वर्ग आमचा नव्हेच. ओढा उतरल्यावर पत्र फादरांच्या हाती दिले आणि म्हणालो, "फादर, बंद करा म्हणाल तर बंद करतो, चालवा म्हणाल तर चालवितो." हे बोलताना छातीत धडधडत होते, कारण बंद करण्याची आज्ञा ऐकण्याची मनाची तयारी नव्हती, हे त्याच क्षणी आम्हांस कळून आले. फादरांनी पत्र वाचले आणि विचारले, "मास्तर, येत्या रविवारी किती मुले येतील?"

"तीन, फादर."

"मग तिघांसाठी या."

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी आजारी सासूची सेवा करीत असेल, कोणी वाट चुकलेल्या मुलासाठी रोज रात्री माळ जपत असेल, आणि फळ काही दिसत नसेल. त्यांना आम्ही एवढेच सांगू : दिलेले काम आपले, पीक प्रभूचे.

गेल्या रविवारी दोघेच आले. तिसऱ्याला ताप होता. धडा झाल्यावर त्याच्या घरी जाऊन त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली. वहीत नावे लिहिली. बेरीज मात्र आम्ही आता मांडीत नाही.